एक पंगत, अनेक बोली

(प्रौढ धर्मशिक्षण वर्गासाठी व छोट्या ख्रिस्ती समूहांसाठी अभ्यासपाठ)

वाचन : प्रेषितांची कृत्ये २:१-१३, ६:१-७, १५:१-२९



दर रविवारी मिस्सामध्ये आपण उभे राहून आपली श्रद्धा प्रकट करतो. ख्रिस्तसभा एक आहे, पवित्र आहे, कॅथोलिक आहे आणि प्रेषितांपासून चालत आलेली आहे, असे आपण म्हणतो. त्यातील ‘कॅथोलिक’ हा शब्द मूळ ग्रीक आहे. त्याचा अर्थ सार्वत्रिक, म्हणजे कोणालाही वगळून पूर्ण न होणारी. ‘एक’ आणि ‘सर्वांची’ हे दोन शब्द श्रद्धाप्रकटनात शेजारी बसतात. प्रत्यक्ष जीवनात मात्र त्यांना शेजारी बसवणे सोपे नसते.

आपला पारोळा तालुकाच पाहा. बाजारात अहिराणी चालते, शाळेत आणि कचेरीत पुस्तकी मराठी चालते. शेतमजुरी करणाऱ्या भिल्ल कुटुंबांची घरातली बोली आणखी वेगळी. चोपडा, यावल, शिरपूरकडे पावरी ऐकू येते, तर नवापूरकडे मावची. नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे नगरची किंवा वसईची, आणि धर्मभगिनींपैकी कोणाची मायबोली मल्याळम तर कोणाची कोकणी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा आहे असे सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी नोंदवले. एवढ्या बोली बोलणारी माणसे एका वेदीभोवती जमतात तेव्हा कोणाची बोली मानाची ठरते आणि कोण मागच्या बाकावर गप्प बसतो, हा आपल्या श्रद्धेचाच प्रश्न आहे. या पाठात आपण त्याचा अभ्यास करू.

१. पहिली तक्रार पंगतीतली होती

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला. पार्थी, मेदी, मिसरी, रोमी, अरब अशा अनेक देशांच्या लोकांना देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकू आली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आत्म्याने सर्वांना गालिलची भाषा शिकवली नाही. त्याने गालिलच्या माणसांच्या तोंडी परक्यांच्या भाषा घातल्या. म्हणजे पहिले पाऊल सांगणाऱ्याने टाकायचे होते, ऐकणाऱ्याने नव्हे.

आणि हे गालिलकर कोण होते? यरुशलेमच्या लोकांच्या दृष्टीने ती खेडवळ माणसे. प्रभूला अटक झाली त्या रात्री वाड्याच्या अंगणात उभ्या असलेल्या संत पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलीवरून (मत्तय २६:७३). ज्याच्या बोलण्याच्या ढंगाने त्याचे गाव उघड केले, त्याच्याच हाती प्रभूने आपल्या मेंढरांची राखण दिली. शहरात गेल्यावर अहिराणी बोलायला संकोचणाऱ्या आपल्या तरुणांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पुढे सहाव्या अध्यायात पहिली कुरबुर ऐकू येते. यरुशलेमच्या मंडळीत दोन गट होते. एक स्थानिक इब्री, दुसरा बाहेरच्या देशांतून आलेला, ग्रीक बोलणारा. रोज गरजूंना जे अन्न वाटले जाई त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. वाढणाऱ्यांच्या मनात कपट होते असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. कदाचित ओळखीच्या माणसाच्या ताटाकडे आधी हात जातो, एवढेच घडले असेल. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसवायचे, पण एकाला साजूक तूप वाढायचे आणि दुसऱ्याच्या पानापर्यंत पोहोचायचेच नाही.

प्रेषितांनी काय केले? तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प केले नाही. ‘आपण सारे ख्रिस्तात एक आहोत, मग गट कशाला?’ असे म्हणून विषय टाळलाही नाही. त्यांनी सर्व मंडळी बोलावली आणि सात जण निवडून घेतले : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाची पळी दिली गेली. त्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असे लगेच पुढच्या ओळीत लूक नोंदवतो. पंगत सुधारली आणि मिशनकार्य वाढले. हा क्रम आपण विसरू नये.

२. यरुशलेमचा निर्णय

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. अंत्युखियात यहुदी नसलेले पुष्कळ लोक प्रभूला शरण आले. त्यांनी आधी सुंता करून घ्यावी, यहुदी रीतिरिवाज पाळावेत आणि मगच ख्रिस्ती व्हावे, असे काहींचे म्हणणे होते. इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित व वडील एकत्र बसले. खूप वादविवाद झाला. संत पेत्राने कर्नेल्याच्या घरी आपण काय पाहिले ते सांगितले, बर्णबा व पौल यांनी आपला अनुभव सांगितला आणि याकोबाने समारोप केला. काही मोजके नियम सोडता परराष्ट्रीयांवर कोणतेही ओझे लादायचे नाही, असे ठरले. ख्रिस्ताकडे येण्यासाठी कोणालाही आपले लोक, आपली भाषा, आपले घर सोडावे लागणार नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ. तो झाला नसता तर आज पारोळ्यात चर्च नसते.

तरीही निर्णय कागदावर राहणे आणि पंगतीत उतरणे यांत अंतर असते. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली तेव्हा तो त्यांच्या भीतीने बाजूला बसू लागला. संत पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितले की, हे शुभवर्तमानाला धरून नाही (गलती २:११-१४). करिंथ येथेही तेच झाले. प्रभुभोजनाला जमलेले सधन लोक आधीच जेवून घेत आणि गरीब भुकेले राहत (१ करिंथ ११:१७-२२). यरुशलेम, अंत्युखिया, करिंथ या तिन्ही ठिकाणी परीक्षा झाली ती कोण कोणाबरोबर जेवतो यावर. विविधता म्हणजे सणाच्या दिवशी मुलांना वेगवेगळे पोशाख घालून मंचावर उभे करणे एवढेच नव्हे, हे यावरून समजावे.

३. गोव्याने दिलेले दोन धडे

आपल्या मराठी ख्रिस्तसभेच्या इतिहासात यरुशलेमचा हा निर्णय कधी पाळला गेला, कधी विसरला गेला. दोन्हीची उदाहरणे गोव्यात सापडतात.

पहिले उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टी भागात सुमारे ४० वर्षे राहिले. लोकांची भाषा त्यांनी मुळापासून अभ्यासली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. पूर्वी ऐकत असलेली पुराणे सुटली, पण त्यांच्या जागी ऐकायला आणि गायला काहीच नव्हते. हे जाणून फादरांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग जुन्या कराराचा व दुसरा प्रभू येशूच्या जीवनाचा. ज्ञानेश्वरांनी आणि एकनाथांनी वापरलेला ओवी छंद त्यांनी शुभवर्तमानासाठी वापरला. ‘वैकुंठ’सारखे लोकांच्या ओठावरचे शब्द घेतले आणि मराठी भाषेची मनापासून थोरवी गायली. परदेशी माणूस आपल्या भाषेपुढे विद्यार्थी झाला, म्हणूनच त्याची शिकवण लोकांनी आपली मानली.

दुसरे उदाहरण याच्या उलट. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतील लग्नाची गाणी, पेहराव, जेवणाखाणाच्या रीती अशा कितीतरी साध्या गोष्टींवर बंदी घातली. ख्रिस्ती होणे म्हणजे पोर्तुगीज होणे, अशी समजूत त्यामागे होती. विशेष म्हणजे रोमची शिकवण तेव्हाही वेगळी होती. १६५९ मध्येच रोममधील धर्मप्रसार खात्याने आशियात जाणाऱ्या मिशनऱ्यांना बजावले होते की, लोकांच्या चालीरीती श्रद्धेच्या व नीतीच्या उघड विरोधात नसतील तर त्या बदलायला सांगू नका; युरोपातील देश उचलून तिकडे न्यायचे नाहीत, न्यायची ती श्रद्धा.

हा इतिहास लपवण्यात अर्थ नाही. आजही ‘ख्रिस्ती म्हणजे परकीय’ असे काही जण म्हणतात. त्यांना उत्तर देताना स्टीफन्स यांचे नाव अभिमानाने सांगावे आणि १६८४ चे फर्मान चुकीचे होते हेही मोकळेपणाने मान्य करावे. सत्य सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

४. महाराष्ट्राच्या मातीत

गोव्यानंतर आपल्या जवळच्या भागाकडे वळू. नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) जर्मन येशूसंघीयांनी खेड्यापाड्यांत काम केले. त्यांपैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. हेच फादर पुढे पुण्याचे बिशप झाले आणि १९२० च्या दशकात जपानमधील हिरोशिमा येथे पाठवले गेले. जर्मन माणूस, मराठी मासिक आणि जपानी धर्मप्रांत! मिशनकार्य माणसाला किती वेळा नव्याने शिकायला लावते, याचे हे उदाहरण.

आपल्या विभक्त बांधवांपैकी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे ऋण आपणही मानतो. १८९५ मध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला. अभंग, भजन, कीर्तन हे मराठी भक्तीचे प्रकार त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी वाहिले. आज आपण टाळ-पेटीच्या साथीने भजने म्हणतो त्यामागे त्यांची वाट आहे.

सप्टेंबरमध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला भरणाऱ्या मतमाऊलीच्या यात्रेला आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील. पायी येणारे भाविक, नवस फेडणारी कुटुंबे आणि ‘माऊली’ ही हाक, हे सारे मराठी मनाने पवित्र मरियेशी जोडलेले नाते आहे. कोणत्याही पुस्तकाने ते शिकवलेले नाही. वसईकडे सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांनी आपापली बोली, लग्नाची गाणी आणि लुगड्याची पद्धत जपून चारशे वर्षांहून अधिक काळ श्रद्धा टिकवली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते प्रभूच्या घरी गेले. मराठी असणे आणि ख्रिस्ती असणे यांत भांडण नाही, हे त्यांचे जीवनच सांगत होते.

५. ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-१९६५) या विषयाला स्पष्ट दिशा दिली. उपासनेविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजाने लोकभाषेला उपासनेचे दार उघडले. ज्या गोष्टी श्रद्धेला किंवा सर्वांच्या हिताला बाधक नाहीत त्यांत ख्रिस्तसभा एकच साचा लादू इच्छित नाही, असे त्यात शिकवले आहे. मिशनकार्याविषयीच्या १९६५ च्या दस्तऐवजाने सांगितले की, स्थानिक ख्रिस्तसभा आपल्या लोकांच्या चालीरीती, ज्ञान आणि कला यांतून चांगले ते घेऊन ख्रिस्ताला अर्पण करते. त्यानुसार १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवणे, आरती, समई, मांडी घालून बसणे, धर्मगुरूंनी शाल पांघरणे अशा त्या गोष्टी आहेत. तेव्हा ‘आरती कशाला?’ असे कोणी विचारले तर ती कोणा एका फादरांची हौस नव्हे, हे सांगता यावे.

ख्रिस्तसभा आजही याच वाटेने चालली आहे. लॅटिन ख्रिस्तसभा आणि २३ पौर्वात्य ख्रिस्तसभा मिळून कॅथोलिक कुटुंब होते. त्यांपैकी तीन भारतात आहेत : लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा. काँगोतील (तेव्हाचे झाईर) धर्मप्रांतांसाठी १९८८ मध्ये वेगळ्या पद्धतीच्या मिस्साग्रंथाला मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या एका धर्मप्रांतातील आदिवासी भाषिकांसाठी, त्यांच्या पारंपरिक प्रार्थनानृत्यासह, मिस्सामधील काही बदलांना रोमने संमती दिली. आपल्या भिल्ल, पावरा, मावची बांधवांचा विचार करताना हे उदाहरण फार मोलाचे आहे.

६. राखावे ते काय, टाकावे ते काय?

येथे सावध राहणे आवश्यक आहे. संस्कृतीच्या नावाखाली जे जे येते ते सर्व राखण्याजोगे नसते. हुंडा ही आपली ‘पद्धत’ आहे, पण तो पाप आहे. जातिभेद शेकडो वर्षांचा आहे, म्हणून तो विविधता ठरत नाही. विविधतेत माणसे वेगळी आणि समान असतात. जातीत ती वेगळी आणि वर-खाली असतात.

हा फरक ख्रिस्तसभेनेही नेहमी पाळला असे नाही. फादर रॉबर्ट दि नोबिली १६०६ मध्ये मदुराईला गेले. त्यांनी संन्याशाची वस्त्रे घातली, तमिळ व संस्कृत शिकले. त्यांचे धाडस थोर होते. परंतु तमिळ प्रदेशात जातवार वेगळी बसण्याची जागा, वेगळी दफनभूमी असे प्रकार पुढे दीर्घकाळ चालले. २०१६ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, ते ही जखम अजून भरलेली नाही म्हणूनच.

महाराष्ट्रात आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणजांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याची मुभा नव्हती. प्रभूच्या वेदीजवळ मात्र त्यांना सर्वांबरोबर एकच ख्रिस्तप्रसाद मिळाला. ज्यांना एकदा पंगतीबाहेर ठेवले गेले, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्या कोणाला पंगतीबाहेर ठेवू नये. ‘ते भिल्ल’, ‘ते बाहेरचे’, ‘ते नंतर आलेले’ असे शब्द आपल्या तोंडी येतात तेव्हा आपण इब्री वाढप्यांच्या जागी उभे असतो.

७. आपल्या धर्मग्रामात

दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही गुजरातेत. ती परततात ती आखाजीच्या सुमारास. त्यांचा नाताळ उसाच्या फडावर जातो, प्रायश्चित्तकाळही बहुधा तिकडेच जातो. आपले धर्मशिक्षणाचे वर्ग शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे ठेवले तर त्यांच्या मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’वर जातो. येथे कोणी त्यांना हाकलले नाही. पण वाढपी त्यांच्या पानापर्यंत पोहोचलाही नाही. पावसाळ्यात त्यांच्या मुलांसाठी वेगळा वर्ग घेता येणार नाही का?

मिस्साचे मान्य पाठ आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत; तो अधिकार बिशप व रोम यांचा आहे. तरी पुष्कळ गोष्टी आपल्या हातात आहेत. घरी होणारी रोझरी आजीच्या अहिराणीत म्हणता येते. ‘देव मन्हा बाप शे’ हे शब्द ज्या लहानग्याने घरात ऐकले त्याला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. फादरांच्या परवानगीने श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतील एखादी विनंती पावरीत होऊ शकते. जात्यावरच्या चालीत मरियेचे गीत रचणारी एखादी मावशी आपल्यात असेलच. असोदे गावच्या बहिणाबाई चौधरींनी शाळा न पाहता जी वाणी दिली ती याच मातीतली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धर्मग्राम समितीत कोण आहे हे तपासावे. यरुशलेमने सात ग्रीक नावे निवडली. आपल्या यादीत कोणाची नावे कधीच नसतात?

हेच आपले मिशनकार्यही आहे. आपण शेजाऱ्याशी किती आदराने बोलतो, त्याच्या बोलीला हसतो की ती शिकतो, यावरून आपल्या प्रभूची ओळख होते. कर्नेल्याच्या घरून परतलेला पेत्र पूर्वीचा राहिला नव्हता. प्रकटीकरण ७:९ मध्ये योहानाला सिंहासनासमोर असंख्य लोक दिसतात, सर्व राष्ट्रांचे, वंशांचे आणि भाषांचे. स्वर्गातही त्यांच्या भाषा पुसल्या गेलेल्या नाहीत. मग पारोळ्यात त्या का पुसाव्यात?

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या चर्चमध्ये कोणकोणत्या बोली बोलणारी कुटुंबे येतात? त्यांपैकी किती घरी आपण गेलो आहोत?
२. प्रे. कृ. ६:१-७ वाचा. आपल्याकडे आज ‘दुर्लक्षित विधवा’ कोण आहेत?
३. आपल्या समाजातील कोणत्या दोन चालीरीती प्रभूला अर्पण कराव्यात आणि कोणती एक सोडून द्यावी?
४. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी आपला समूह जाण्यापूर्वी आणि परतल्यावर काय करू शकतो?

या आठवड्याचा संकल्प

मिस्सानंतर लगेच घरी न जाता, आपल्याहून वेगळी बोली बोलणाऱ्या एका कुटुंबाशी बोलावे. त्यांच्या भाषेतला एक अभिवादनाचा शब्द शिकावा आणि पुढच्या रविवारी त्याच शब्दाने त्यांना हाक द्यावी.

प्रार्थना

हे पवित्र आत्म्या, पेंटेकॉस्टच्या दिवशी तू कोणाचीही बोली हलकी मानली नाहीस. आमच्या पंगतीतला भेदभाव तू दूर कर. जे मागे बसले आहेत त्यांच्याकडे आमचे पाय वळव. आमच्या साऱ्या बोलींतून पित्याची स्तुती होऊ दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.